तारीख जुनी, अर्ज नवा

१ मे १८८८ या एकाच दिवशी अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने निकोला टेस्लाला सात पेटंटं दिली. विहिरीवरच्या पंपापासून कारखान्यातल्या मोठ्या यंत्रांपर्यंत आज ज्या एसी मोटरी फिरतात, त्यांचं मूळ या सात कागदांत आहे. टेस्लाच्या चरित्रांत एक गोष्ट हमखास येते: त्याने आपली सगळी विद्युतव्यवस्था एकाच अर्जात मांडली होती आणि कार्यालयाने तिचे सात भाग करायला लावले. पेटंटांची पहिली पानं काढून तारखा पाहिल्या, की प्रकार इतका सरळ नव्हता हे लक्षात येतं. काही अर्ज १२ ऑक्टोबर १८८७ चे आहेत, काही ३० नोव्हेंबरचे, काही २३ डिसेंबरचे. सगळे एकाच पोटातून निघालेले नाहीत.

पण विभागणी झाली होती हे खरं. ३८२२८० क्रमांकाचं पेटंट बघा. त्याच्या माथ्यावरच लिहिलं आहे की मूळ अर्ज १२ ऑक्टोबर १८८७ चा, अनुक्रमांक २५२१३२. तो विभागला आणि हा अर्ज ९ मार्च १८८८ रोजी दाखल केला. मूळ अर्जाचं पेटंट झालं ३८१९६८. दोन्हींतली कल्पना एकच. दोन स्वतंत्र वेटोळ्यांतून एकमेकांच्या मागे-पुढे चालणारे प्रवाह सोडायचे, म्हणजे चुंबकीय ध्रुव गोल सरकत राहतात आणि त्यांच्यामागे मोटर फिरते. मात्र पहिल्या पेटंटाने हक्क मागितला तो जनित्र आणि मोटर यांच्या जोडणीवर, म्हणजे यंत्रावर. दुसऱ्याने मागितला तो शक्ती वाहून नेण्याच्या रीतीवर. पुढे वेस्टिंगहाउस कंपनीने हे हक्क घेतले आणि प्रकरण कोर्टात गेलं. १९०० साली कनेक्टिकटच्या न्यायालयाने दोन्ही पेटंटं ग्राह्य धरली. यंत्रावरचा हक्क आणि रीतीवरचा हक्क असे दोन वेगळे दस्त कंपनीच्या हाती होते, आणि ते विभागणीमुळेच.

ही विभागणी म्हणजे काय, ती केव्हा करावी लागते आणि त्यासाठी पहिल्या दिवशी कोणती काळजी घ्यायची, हा या प्रकरणाचा विषय आहे. पेटंट कायद्याच्या पुस्तकांत त्याला दोन-चार पानं मिळतात. पण छोट्या कारखानदाराचं, एकट्या संशोधकाचं किंवा कॉलेजच्या प्रयोगशाळेचं सगळ्यात मोठं नुकसान बहुधा इथेच होतं, आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

आपला १९७० चा पेटंट कायदा सांगतो की एक पेटंट एका शोधासाठी. कलम १०(५) मध्ये त्याला थोडी ढील दिली आहे. अर्जातले दावे, म्हणजे एजंट मंडळी ज्यांना क्लेम म्हणतात ते, एका शोधाचे असावेत किंवा एकाच शोधकल्पनेने बांधलेल्या शोधसमूहाचे असावेत. अट घालण्याचं कारण व्यवहारी आहे. एका अर्जाची फी भरून कुणी दहा शोध तपासून घेऊ नयेत. परीक्षकाला शोधायचं असतं ते त्या-त्या विषयाच्या वर्गात, आणि यंत्राचा वर्ग वेगळा, रसायनाचा वेगळा. शिवाय दुसऱ्या कुणाला उद्या एखाद्या विषयावरची पेटंटं चाळायची असतील, तर ती योग्य शीर्षकाखाली सापडायला हवीत.

कलम ४६(२) मध्ये याच नियमाची दुसरी बाजू आहे, आणि ती फार थोड्यांना माहीत असते. नजरचुकीने दोन शोधांना मिळून एक पेटंट मंजूर झालंच, तर पुढे कोणत्याही खटल्यात वा कारवाईत ‘यात दोन शोध आहेत’ एवढ्या कारणावरून त्यावर हरकत घेता येत नाही. म्हणजे ही अट कार्यालयाच्या शिस्तीची आहे. हक्काचा पाया तिच्यावर उभा नाही. अर्जात एकापेक्षा जास्त शोध आहेत असा आक्षेप आला म्हणून घाबरून जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. तुमचा शोध नवा नाही, असं त्या आक्षेपात कुठेही म्हटलेलं नसतं.

आता ‘एकच शोधकल्पना’ म्हणजे काय, हे एका उदाहरणाने पाहू. लासलगावच्या आसपास फॅब्रिकेशनचं वर्कशॉप चालवणारा एक माणूस आहे असं समजा. उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये चाळीत भरला की पावसाळाभर सांभाळायचा, आणि आत कुठे सड लागली तर वास बाहेर येईपर्यंत निम्मा ढीग गेलेला असतो. या माणसाने एक पेटी बनवली. सडू लागलेल्या कांद्यातून निघणारे वायू ती ओळखते. तिचा इशारा घेऊन चाळीच्या बाजूच्या झडपा आपोआप उघडतात. त्याने एक क्रेटही बनवला, ज्याच्या तळाला अशा आकाराच्या खाचा आहेत की सर्वांत खालच्या कांद्यालाही हवा लागते. आणि कोंब फुटू नयेत म्हणून एक भुकटी तयार केली. चारही गोष्टी त्याने एकाच अर्जात घातल्या, कारण त्याच्या मनात त्या एकच आहेत: कांदा टिकवायचा.

इथेच बहुतेकांचा समज चुकतो. सगळ्या वस्तू एकाच अडचणीवर उपाय आहेत, एवढ्यावरून त्यांची शोधकल्पना एक ठरत नाही. आंतरराष्ट्रीय अर्जांसाठीच्या पेटंट सहकार्य करारात याची कसोटी नेमकी सांगितली आहे आणि आपल्याकडचे परीक्षकही तीच लावतात. वेगवेगळ्या दाव्यांत समान किंवा एकमेकाला जुळणारं असं ‘विशेष तांत्रिक वैशिष्ट्य’ हवं. विशेष म्हणजे आधी माहीत असलेल्या ज्ञानात ज्याने भर पडली असं. पेटी, ती पेटी बसवलेली चाळ आणि त्या पेटीच्या आधाराने साठवण करण्याची पद्धत या तिन्हींत वायू ओळखण्याची तीच युक्ती आहे, म्हणून ते एका अर्जात राहू शकतात. पेटीचा इशारा घेण्यासाठीच खास घडवलेली झडपही राहू शकते, जसा प्लग आणि त्याच्याच मापाचं सॉकेट. क्रेटच्या तळाचा पेटीतल्या युक्तीशी मात्र संबंध नाही. भुकटीचा तर नाहीच, ते रसायन. परीक्षकाच्या पहिल्या अहवालात, म्हणजे एफईआरमध्ये, आक्षेप येणार तो असा: गट एक, पेटी, झडप, चाळ आणि पद्धत, गट दोन, क्रेट, गट तीन, भुकटी.

हा आक्षेप नुसता अर्ज वाचूनही कळला असता. दुसरा प्रकार अधिक त्रासाचा आहे, कारण तो अर्ज लिहिताना दिसत नाही. समजा, परीक्षकाला एखादा जुना परदेशी लेख सापडला, ज्यात साठवणीतल्या कांद्याची सड वायूवरून ओळखण्याची कल्पना आधीच दिली आहे. मग पेटीच्या दाव्यांना बांधून ठेवणारा धागाच तुटला. एका दाव्यात पंख्याचा वेग बदलण्याची युक्ती होती, दुसऱ्यात चाळीचा फक्त सडका कप्पा वेगळा करण्याची. जोवर ‘वायू ओळखणं’ नवं होतं, तोवर या दोन युक्त्या एका छत्राखाली होत्या. ते नवं नाही म्हटल्यावर दोन वेगळे शोध उरले. अर्ज लिहिणाऱ्याची इथे चूक म्हणता येत नाही. जगातलं सगळं आधीचं साहित्य कुणी वाचलेलं नसतं.

अशा वेळी करायचं काय? आंतरराष्ट्रीय अर्ज असेल तर शोध-अहवाल देणारी संस्था जादा शोधांसाठी जादा फी मागते. ती भरावी, हवं तर निषेध नोंदवून भरावी, नाहीतर पहिल्या शोधावरच अहवाल मिळतो. भारतातल्या अर्जात परीक्षक म्हणतो की एक गट ठेवा, बाकीचे काढा. अर्जदार क्रेट आणि भुकटीचे दावे काढून टाकतो, पेटीचं पेटंट मिळतं आणि सगळे खूश होतात.

क्रेटचं काय झालं, हे मात्र त्या आनंदात विचारायचं राहून जातं.

अर्ज दाखल झाल्यापासून, किंवा आधीच्या अर्जाची तारीख मागितली असेल तर त्या तारखेपासून, १८ महिन्यांनी तो प्रसिद्ध होतो. त्यात क्रेटचं वर्णन आहे, आकृती आहे. म्हणजे क्रेट आता जगजाहीर झाला. दोन वर्षांनी अर्जदाराला वाटलं की क्रेटचा वेगळा अर्ज करू, तर त्याच्या आड येणारा पहिला पुरावा त्याचाच अर्ज असतो. क्रेट नवा राहिलेला नाही, आणि तो जुना करणारा तो स्वतःच आहे. दावे काढून टाकले, वेगळा अर्ज केला नाही आणि पेटंट मंजूर झालं, की क्रेट सगळ्यांचा झाला. प्लास्टिकचा साचा ज्याच्याकडे आहे तो उद्यापासून तो विकू शकतो.

यातून सुटायची वाट एकच, कलम १६ ची. त्याला विभागीय अर्ज म्हणतात. कार्यालयात आणि एजंटांच्या बोलण्यात ‘डिव्हिजनल’. मूळ अर्जात उघड केलेल्या दुसऱ्या शोधासाठी अर्जदार नवा अर्ज करतो आणि कायदा त्या नव्या अर्जाला मूळ अर्जाचीच तारीख देतो. एकत्र कुटुंबाची वाटणी झाली, सातबारे वेगळे झाले, म्हणून जमिनीवरचा हक्क वाटणीच्या दिवशी सुरू झाला असं कुणी मानत नाही, इथेही तसंच. क्रेटचा अर्ज आज केला तरी तो तीन वर्षांपूर्वीचा मानला जातो, आणि मधल्या काळात प्रसिद्ध झालेला मूळ अर्ज त्याच्या आड येत नाही. हे तत्त्व १८८३ च्या पॅरिस कराराच्या चौकटीत आज जगभर मान्य आहे. त्या करारात भारत ७ डिसेंबर १९९८ रोजी सामील झाला.

अटी आहेत, आणि त्या पाळाव्याच लागतात. मूळ अर्जात जे साररूपाने उघड केलेलं नाही, ते नव्यात घालता येत नाही. मधल्या काळात क्रेट सुधारला असेल, त्याला चाकं लावली असतील, तर चाकं विभागीय अर्जात येणार नाहीत. मूळ आणि नवा या दोन्हींत तोच दावा चालत नाही. पेटंट कार्यालयाचा नियंत्रक तो एकीकडून काढायला लावू शकतो. नव्या अर्जाच्या वर्णनात मूळ अर्जाचा क्रमांक स्पष्ट लिहावा लागतो. आणि मुदत: मूळ अर्जावर पेटंट मंजूर होण्यापूर्वी.

ही शेवटची अट ऐकायला सोपी वाटते, पण घात तीच करते. आपल्याकडे ‘तुमचं पेटंट आता मंजूर करत आहोत’ अशी आगाऊ सूचना येत नाही. एफईआरला समाधानकारक उत्तर दिलं की पुढची बातमी थेट मंजुरीचीच असू शकते, आणि त्या क्षणी दार बंद. अर्ज नामंजूर झाला तरी तेच. मूळ अर्जच उरला नाही, तर विभागणी कशाची करणार? म्हणून अनुभवी एजंट विभागीय अर्ज एफईआरच्या उत्तराबरोबरच, किंवा त्याच्या एक दिवस आधीच, दाखल करून टाकतात. सुनावणी झाल्यावर बघू म्हणणाऱ्याला बघायला काही उरेलच असं नाही.

आता एक वादाचा मुद्दा, ज्याला अलीकडे दिल्ली उच्च न्यायालयात दोन वेगळी उत्तरं मिळाली. क्रेटचं वर्णन मूळ अर्जात आहे, पण दाव्यांत तो कधी मागितलाच नव्हता. त्याचा विभागीय अर्ज होऊ शकतो का? जुलै २०२२ मध्ये बोहरिंगर इंगेलहाइमच्या प्रकरणात न्या. प्रतिभा सिंह यांनी उत्तर दिलं की नाही. अनेक शोध मूळ अर्जाच्या दाव्यांतच दिसायला हवेत. ज्याचा दावा केला नाही ते सोडून दिलं, असा पेटंट कायद्यातला जुना विचार त्यामागे होता. पुढच्याच वर्षी सिंजेंटाच्या प्रकरणात न्या. हरी शंकर यांना हे पटलं नाही आणि त्यांनी प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवला. १३ ऑक्टोबर २०२३ रोजी न्या. यशवंत वर्मा आणि न्या. धर्मेश शर्मा यांच्या पीठाने आधीचं मत बाजूला सारलं. कलम १६ चे शब्द आहेत ते तात्पुरत्या किंवा पूर्ण विनिर्देशात, म्हणजे शोधाचं वर्णन देणाऱ्या दस्तात, ‘उघड केलेल्या’ शोधाबद्दल. दाव्यांत मागितलेल्या शोधाबद्दल नाहीत. तात्पुरत्या, म्हणजे प्रोव्हिजनल, विनिर्देशात दावे असावे लागतच नाहीत. मग तिथे दाव्यांत अनेक शोध शोधायचे कसे? शोध एकापेक्षा जास्त असले पाहिजेत ही अट मात्र पीठाने कायम ठेवली, अर्जदार आपणहून विभागणी करत असो वा आक्षेपानंतर. १५ मार्च २०२४ च्या सुधारित नियमांत तर हे शब्दांतच आलं: तात्पुरत्या वा पूर्ण विनिर्देशात, अगदी आधीच्या विभागीय अर्जातही, उघड केलेल्या शोधासाठी विभागीय अर्ज करता येतो.

माझ्या मते हा निकाल छोट्या संशोधकाच्या बाजूचा आहे. मोठ्या कंपनीचे वकील पहिल्याच दिवशी दाव्यांची फौज उभी करतात. वर्कशॉपवाला तसं करू शकत नाही. दहापेक्षा जास्त दावे झाले की व्यक्तीसाठीच्या दरानेही प्रत्येक जादा दाव्याला ३२० रुपये आणि तीसच्या पुढच्या प्रत्येक पानाला १६० रुपये लागतात. शिवाय आपल्या वर्णनात किती शोध आहेत हे त्याला त्या दिवशी समजलेलंच नसतं. वर्णनात प्रामाणिकपणे सगळं लिहिलं असेल, तर नंतर मागण्याची वाट त्याला असलीच पाहिजे.

या सवलतीचा गैरवापर होतो हेही तितकंच खरं, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. सगळ्यात गाजलेलं उदाहरण अमेरिकेतल्या जेरोम लेमेलसनचं. १९५४ आणि १९५६ च्या दोन अर्जांतून त्याने अर्जामागून अर्ज काढत नेले. तेव्हा तिथे पेटंटाची मुदत मंजुरीपासून १७ वर्षं असे, त्यामुळे मंजुरी जितकी उशिरा तितका हक्क पुढे सरके. बारकोड वाचणारी यंत्रं जगभर पसरल्यावर त्याची पेटंटं वर आली आणि कंपन्यांकडून एक अब्ज डॉलरहून जास्त रक्कम वसूल झाली. २००४ मध्ये नेवाडाच्या न्यायालयाने त्याची १४ पेटंटं अंमलात आणता येणार नाहीत असं ठरवलं. मूळ अर्ज आणि मंजुरी यांत १८ ते ३९ वर्षांचं अंतर होतं. २००५ मध्ये अपिलातही ते टिकलं. लेमेलसन १९९७ मध्येच वारला होता.

भारतात हे असं घडू शकत नाही, कारण मुदत मूळ तारखेपासून २० वर्षं, आणि विभागीय अर्जालाही तीच तारीख. पण मंजूर न झालेला विभागीय अर्ज वर्षानुवर्षं टांगता ठेवणं इथेही शक्य आहे. एका औषधाचा मूळ अर्ज फेटाळला जाण्याच्या बेतात असताना तशाच दाव्यांचा विभागीय अर्ज टाकला, की स्वस्त औषध बनवू पाहणारी कंपनी थबकते. रुग्णांच्या संघटना याला विरोध करतात तो रास्त आहे. युरोपीय कार्यालयाने २०१० मध्ये विभागणीवर २४ महिन्यांची मर्यादा घातली होती, पण अर्जदार मुदत चुकेल या भीतीने आधीच अर्ज टाकू लागले आणि १ एप्रिल २०१४ पासून ती मागे घ्यावी लागली. तारखेची मर्यादा हा उपाय नव्हे. खरा उपाय परीक्षकाच्या हातात आहे: नव्या अर्जात खरोखर दुसरा शोध आहे का, की पहिलाच नवे कपडे घालून आला आहे, हे सुरुवातीलाच तपासणं.

विभागणीच्या उलट, जोडणीचीही सोय कायद्यात आहे. आपल्या कांदेवाल्याने जानेवारीत पेटीचा प्रोव्हिजनल अर्ज केला आणि जूनमध्ये झडपेच्या सुधारणेचा दुसरा. दोन्ही एका शोधाच्या पोटात बसतात असं नियंत्रकाला वाटलं, तर कलम ९(२) नुसार दोहोंसाठी मिळून एकच पूर्ण विनिर्देश देता येतो, पहिल्या अर्जापासून १२ महिन्यांच्या आत. मुख्य शोधात नंतर केलेल्या सुधारणेसाठी कलम ५४ चं ‘पेटंट ऑफ ॲडिशन’ आहे. त्याला वेगळी वार्षिक फी नाही, आणि ते मुख्य पेटंटाबरोबरच संपतं. क्रेटची चाकं पेटीच्या पेटंटाला अशी जोडता येणार नाहीत, पण पेटीच्या सुधारलेल्या आवृत्तीला हा मार्ग उत्तम.

आता खर्च. महाराष्ट्रातला आणि गोव्यातला अर्जदार मुंबई कार्यालयाच्या कक्षेत येतो. ऑनलाइन अर्जाला व्यक्तीला १६०० रुपये आणि परीक्षणाच्या विनंतीला ४००० रुपये लागतात. विभागीय अर्जाला हे सगळं पुन्हा भरायचं, आणि परीक्षणाची विनंती वेगळी करायची. मूळ अर्जाची विनंती त्याला चालत नाही. वर्णन लांबलचक असेल तर जादा पानांचे पैसेही दुसऱ्यांदा. एजंटची फी यावर. शिवाय तारीख जुनी मिळाली म्हणजे वार्षिक फीही जुन्या तारखेपासून मोजली जाते. मूळ तारखेपासून सातव्या वर्षी क्रेटचं पेटंट मंजूर झालं, तर तिसऱ्या ते सहाव्या वर्षांचे प्रत्येकी ८०० आणि सातव्याचे २४०० असे ५६०० रुपये एकदम भरावे लागतात, तेही नोंद झाल्यापासून तीन महिन्यांत.

म्हणून विभागणी करण्याआधी आपल्या कांदेवाल्याने क्रेट कोण विकत घेणार हे विचारावं. नाशिक-पुण्याकडच्या एखाद्या प्लास्टिकवाल्याला क्रेटचा परवाना द्यायचा असेल आणि पेटी स्वतःच बनवायची असेल, तर दोन पेटंटं असणं सोयीचं. एकाचा परवाना देताना दुसऱ्याला हात लागत नाही, आणि क्रेट चालला नाही तर त्याची फी भरणं थांबवून पेटीचं पेटंट चालू ठेवता येतं. भुकटीवर प्रयोगच पुरते झाले नसतील, तर तिचा अर्ज विभागण्यात पैसा घालू नये. आणि मोशीच्या किसान प्रदर्शनात चाकांचा क्रेट मांडायचा असेल, तर चाकांचा अर्ज आधी टाकावा, स्टॉल नंतर लावावा.